कारण : धुकं

आम्हाला शिकवलंय,
'रद्द' हा शब्द शेवटी काढायचा.
आधी 'थोडा विलंब', मग 'पुढील सूचनेपर्यंत',
मग पाण्याच्या बाटल्या,
आणि कुणी आवाज चढवला तरच सँडविच.

त्या रात्री अकरा-दहाला मी माइकवर म्हटलं,
"कोहरे की वजह से",
आणि एकशे बेचाळीस माणसं एकदम बोलायला लागली.
कुणाची सकाळी मुलाखत, कुणाची हळद,
एक जण तर नुसताच विचारत होता,
जानती हो मैं कौन हूँ?
(मला खरंच माहीत नव्हतं.)

कुमुद रेशीमवाले रांगेत शेवटून तिसऱ्या.
चपलांमध्ये मोजे. कापडी पिशवीत चार किलो गराडू,
बंगळूरच्या नातीला तळून घालायचे.
काउंटरपाशी आल्या, तिकीट दाखवलंच नाही.
काचेबाहेर बोट केलं.
"तो बिजासनच्या टेकडीवरचा दिवा ना?
मला मोतीबिंदू आहे, तरी दिसतोय.
मग धुकं कुठंय?"

मी म्हटलं, वरून आलंय.
त्या हसल्या नाहीत.
माझा बिल्ला वाचत राहिल्या.
"मुंगी? म्हणजे तू आपल्यातली!"

मागे ठकराल सर उभे.
मराठी त्यांना 'कसं काय' एवढंच येतं.
मी पिशवीतला एक गराडू हातात घेतला,
उलटसुलट पाहिला,
आणि रेसिपी विचारावी त्या सुरात सांगितलं :
काकू, धुकं नाही. वैमानिकाचे तास संपलेत,
दुसरा ठेवलेलाच नाही.
रद्द झालंय हे लेखी मागा, कारणासकट.
हॉटेल देतील ते घ्या, त्यांनी पुढे केलेल्या कागदावर सही करू नका.
तिकिटाचे पैसे वेगळे, भरपाई वेगळी.
आणि तो दिवा मोबाइलमध्ये घेऊन ठेवा, आत्ता, वेळेसकट.

काकूंनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं.
मग मोठ्यांदा : "आणि मीठ? मीठ कधी घालू?"
"मीठ शेवटी," मी म्हटलं.
"दोन महिने उत्तर नाही आलं तर.
ग्राहक मंचात."
ठकराल सर म्हणाले, खाने की बात बाद में, नेक्स्ट.

फेब्रुवारीत पत्र आलं. तीन पानं, निळी शाई,
भूमितीच्या बाईंचं असावं असं अक्षर.
सोबत फोटो : काळोख, काळोख, एक पिवळा ठिपका,
त्याला पेनाने काढलेला बाण,
आणि वेळ, अकरा बावीस.
सरांनी दोनदा वाचलं.
"इनको सिखाया किसने?"
मी सामानाचे टॅग फाडत होते, फाडत राहिले.

पत्र गुरुग्रामला गेलं. पैसे मिळाले का,
मला कळलं नाही. तिकडून खाली पैसे येतात की नाही
हे आमच्या काउंटरवरून दिसत नाही.
परिपत्रक तेवढं आलं :
प्रवाशांशी प्रादेशिक भाषेत बोलू नये.

तेव्हापासून ड्यूटीवर जाताना
मी आधी टेकडीकडे बघते.
दिवा दिसला तर जीभ अडते,
'कोहरा' म्हणताना मधेच खोकला येतो.
सरांनी मला आल्याच्या गोळ्या आणून दिल्या.

आज रात्री मात्र काहीच दिसत नाही.
टेकडी नाही, धावपट्टी नाही,
पार्किंगमधली माझी स्कूटीसुद्धा नाही.
मी माइकवर सांगते, कोहरा.
लोक ओरडतात, झूठ.
एक पोरगा मोबाइल माझ्या तोंडाशी धरून म्हणतो,
फिर बोलो, रिकॉर्ड हो रहा है.

मी परत सांगते.
खोकला येत नाही.
कुणाचाही विश्वास बसत नाही,
आणि मी काचेकडे बोट करते,
तर काचेत फक्त आम्हीच,
एवढे सगळे, दिव्याखाली, चिडलेले.